पुढं बैल, मागं नारायण

‘स्वमग्न’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी पंच्याहत्तरी उलटून गेली होती. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं होतं. त्यांचं लहान पोर स्टीलची वाटी फरशीवर गरागरा फिरवायचं आणि वाटी थांबली की रडून आकांत करायचं. डॉक्टरांनी सांगितलेला तो शब्द त्याच्या आईनं मला डोळ्यांत पाणी आणून सांगितला. म्हातारीला काय कळणार, असंही तिला वाटत असावं. मी त्या वाटीकडे बघत होते आणि माझ्या कानात जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीतला तेलघाणा कुरकुरत होता.

मी म्हटलं, "बाई, असं एक लेकरू मी पाहिलंय."

"मग पुढे काय झालं त्याचं?" तिनं लगेच विचारलं.

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि चहा मागितला. म्हातारपणाची तेवढी एक सोय असते.

तिला सांगितलं नाही ते इथं लिहिते आहे. पण हे त्या लेकरापेक्षा त्याच्या बापाबद्दल आहे. लिंबाजीमामांबद्दल.

हैदराबादचं राज्य जाऊन एक-दोन पावसाळे झाले असतील, तेव्हा मी मंठ्याहून लग्न होऊन जालन्यात आले. आमचे हे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका मारवाडी शेठकडे मुनीम होते. घर लहान, सासूबाईंचा आवाज मोठा. मी त्यांना आत्याबाई म्हणे. आमच्या दारासमोरच पत्र्याची एक पडवी होती आणि तिच्यात घाणा. पहाटे त्याची कुरकुर सुरू झाली की गल्लीला जाग यायची. पहिल्या आठवड्यात ती कुरकुर ऐकून मला वाटलं, कोणी तरी दुखण्यानं कण्हतंय. आत्याबाई म्हणाल्या, "तेल्याचा घाणा हाये तो. आणि ऐक, कुठं जायला निघालीस आणि तो तेली आडवा आला तं परत फिर, पाणी पी, मंग जा. त्यातून त्याचं ते पोरगं संगं असलं तं त्या दिवशी जाऊच नको."

त्याच दुपारी मला तेल आणायला त्यांनी त्याच तेल्याकडे पाठवलं. अपशकुन रस्त्यात चालत नाही, फोडणीत चालतो, हे मला तेव्हा कळलं.

लिंबाजीमामा उंच होते, पण सतत वाकल्यामुळे ती उंची कोणाच्या लक्षात येत नसे. अंगाला करडईच्या तेलाचा आणि पेंडीचा वास. थंडीत अख्ख्या गल्लीच्या टाचा फुटायच्या, त्यांच्या नाहीत. धोतराचा मूळ रंग कोणता होता हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. माप भरताना ते बोलत नसत. कोणी बोललं तर माप तसंच धरून वाट बघत, आणि बोलणारा गप्प झाला की मग धार सोडत. धार संपली की मापाच्या काठाला एक थेंब लोंबत राहायचा. तो ते डाव्या हाताच्या बोटानं टिपून घ्यायचे, मान वळवायचे आणि फिरत फिरत जवळ आलेल्या पोराच्या टाळूला लावायचे. दर गिऱ्हाइकामागे हे ठरलेलं. शेवटचा थेंब नारायणाचा.

नारायण तेव्हा दहा-अकराचा असेल. मामांचा एकुलता एक. घाण्याला जुंपलेला पवळ्या नावाचा तांबूस बैल गोल फिरायचा, त्याच्या डोळ्यांवर कातड्याची झापडं असायची आणि त्याच्या मागे, जुवाला बांधलेल्या दोरीचं टोक हातात धरून, हे पोर फिरायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. रूपानं देखणा होता, बापापेक्षा आईवर गेला असावा. पण डोळ्याला डोळा द्यायचा नाही. हाक मारली तर ओ नाही. माझ्या हातातल्या लग्नाच्या बांगड्या वाजल्या, तशी त्यानं दोन्ही कानांवर हात दाबले आणि असा ओरडला की माझ्या हातातली बरणी पडायचीच राहिली.

"सूनबाई, हात खाली घ्या," मामा म्हणाले. "तुमचं काही चुकलं न्हाई. त्याला आवाज लागतो."

"लागतो म्हणजे?"

"तुम्हाला काटा लागतो, तसा."

दुसऱ्या दिवसापासून तेलाला जाताना मी बांगड्या कोपराकडे सारून पदरात गुंडाळू लागले. मामांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलू लागले. मुळात बोलणारा माणूस नव्हता तो. पण मनात साठलं होतं, आणि गल्लीत ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

पोराला कोणी नाऱ्या म्हटलेलं त्यांना चालत नसे. पूर्ण नाव घ्यायचं, नारायण. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमचं ते येडं आज लई मजेत हाये." समोर डबा काठोकाठ भरलेला होता. मामा शांतपणे म्हणाले, "तेल संपलं." गिऱ्हाईक डब्याकडे बघतंय, मामा गिऱ्हाइकाकडे. शेवटी ते रिकामी बाटली घेऊन परत गेलं. असं करून धंदा होतो का, मी विचारलं तर म्हणाले, "धंद्यात तेल इकायचं असतं. लेकरू न्हाई."

नारायणाची आई गिरजाबाई मी यायच्या आधीच गेली होती. रझाकारांची धामधूम चालली होती तेव्हाच गावात पटकी आली आणि ती एका दिवसात संपली. नारायण बोलत नसे, पण अगदीच मुका नव्हता. त्याला एक वाक्य येत होतं. "भाकर खाऊन घे, मंग जा." दारातून कोणी बाहेर पडलं की तो ते म्हणायचा. माणूस असो, मांजर असो. त्यातला ‘मंग’ जरा लांबवलेला, ‘जा’वर लाडिक हेल. पोराच्या तोंडून बाईचा आवाज यावा तसं वाटायचं.

"तिचंच हाये ते," मामा म्हणाले. "म्या बाजाराला निघालो की ती म्हणायची. ती गेली, हे ऱ्हायलं. लोक म्हणतात त्याला आईची आठवण न्हाई, रडला सुद्धा न्हाई. रडलो आम्ही. ठेवलं त्यानं."

हे सांगताना त्यांचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते.

मामांचं एक पालुपद होतं. "समदे इचारतात, ह्याला काय झालंय. ह्याला काय लागतं, हे कोणी इचारत न्हाई." त्याला काय लागतं ते त्यांनी स्वतः हुडकून काढलं होतं, चुका करत करत. भाकरी गोल लागते, तुकडा मोडलेला चालत नाही. अंगरखा तोच लागतो. कोणी वरवर हात लावला तर अंगावर निखारा पडल्यासारखा झटकतो, पण घट्ट दाबून धरलं तर निवतो. आणि फिरणं लागतं. बैलामागे असला की त्याच्या चेहऱ्यावर एक सुख यायचं, तसं मी मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

पण त्याला थांबणं जमत नसे. पवळ्या थांबला की हा थांबणार, पवळ्या चालला की हा चालणार. मामा कधी कधी बैल चालू ठेवून पोराला म्हणत, "नारायणा, थांब बरं. तू थांब." तो दोरी सोडायचा नाही. ते पुन्हा म्हणत. मग हताश होऊन बैलाला थांबवत. "एवढं एक यायला पायजे होतं ह्याला," ते म्हणायचे. का यायला पाहिजे, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

उजव्या हातात माप आणि थेंब टिपायला डावा हात, हे मला सोयीचं वाटायचं. पण पुढे लक्षात आलं की नारायणाला भाकरी भरवणं, त्याचं तोंड धुणं, अंगरखा घालणं, सगळंच मामा डाव्या हातानं करतात. उजवा हात पाठीमागे धरतात. एकदा मी सहज विचारलं, "मामा, तुम्ही डावरे का हो?"

मामांनी माप खाली ठेवलं. मग त्यांनी फिरत आलेल्या नारायणाच्या अंगरख्याची बाही डाव्या हातानं वर केली. दंडावर एकाशेजारी एक पांढरे व्रण होते.

"आई मेल्यावर समद्यांनी डोकं खाल्लं, ह्याला बाहेरचं हाये म्हणून. नेला एका भगताकडं. भगत म्हणला, डाग द्यावा लागंल, आणि बापाच्याच हातानं द्यावा लागंल, तरच गुण येईल. विळा तापवला. म्या दिला, सूनबाई. ह्या हातानं."

मी बरणी खाली ठेवली.

"रडला न्हाई तो. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. तसा तो कधीच बघत न्हाई. पण त्या दिवशीचं न बघणं अलग होतं." त्यांनी बाही खाली केली. "तवापासून हा हात पुढं आला की अंग चोरतो. माणसं इसरतात, माफी देतात. ह्याला इसरता येत न्हाई. मंग म्या ह्या हाताला सांगितलं, तू तेल माप, लेकराला तू न्हाईस."

माणसाला शिक्षा द्यायला पोलीस लागतात, कचेऱ्या लागतात असं आपण समजतो. त्या माणसानं स्वतःला जन्माची शिक्षा दिली होती आणि गल्लीला वाटत होतं तेली डावरा आहे.

शनिवारी मामा घाण्याचं पहिलं तेल मारुतीला घेऊन जात. देऊळ बाजाराच्या पलीकडे होतं. घरी पोराजवळ थांबायला कोणी नाही, आणि बाजारातून नेलं तर टांगे, तांबटांची ठोकाठोक, माणसांचा कालवा. नारायण जमिनीवर लोळायचा, डोकं आपटायचा. बघे जमायचे, आणि जमले की पोरं दगड मारायची. मामांनी यावर एक उपाय काढला. पवळ्याला झापडं का बांधता, असं मी मागे विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "उघड्या डोळ्यानं गरगर फिरला तं चक्कर येते. झाकलं की बैलाला वाटतं, सरळ लांब कुठं तरी चाललो." तेच त्यांनी पोराला लावून पाहिलं. जुन्या धोतराची जाड घडी करून, दोन बाजूंना नाड्या शिवून त्याच्या डोळ्यांवर आणि कानांवर बांधली, उपरण्याचं टोक त्याच्या हातात दिलं आणि स्वतः पुढे बैलाच्या चालीनं चालू लागले. पोर मागून मुकाट चालत आलं. बाजारातून गेलं, देवळापर्यंत गेलं, परत आलं. रडलं नाही, लोळलं नाही. मामांच्या तोंडावर त्या दिवशी हसू होतं. मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

गल्ली मात्र खवळली. तेल्यानं पोराचा बैल केला, म्हणून आत्याबाईंनी दारात उभं राहून त्यांना चार शब्द सुनावले. मामांनी ऐकून घेतलं. "डोळे उघडे ठेवले तं तो पडतो. झाकले तं चालतो. तुम्हीच सांगा, कोणतं बरं?" आत्याबाईंना उत्तर सुचलं नाही, आणि असं फार क्वचित व्हायचं, म्हणून त्या जास्तच चिडल्या.

असे काही शनिवार बरे गेले. मग एकदा आत्याबाई आणि मी देवळातून परतत होतो आणि हे दोघे समोरून येत होते. बाजाराच्या मधोमध एका पांढऱ्या टोपीच्या गृहस्थांनी मामांना अडवलं. शिकलेले होते, सभेत बोलणारे होते, मनानंही वाईट नसावेत.

"अहो, निजाम गेला, स्वराज्य आलं. आता माणसाला जनावरासारखं वागवता? लाज नाही वाटत?"

मामा हात जोडून म्हणाले, "मालक, जरा ऐका, जल्दी करू नका."

पण त्या गृहस्थांनी पुढे होऊन पोराच्या डोळ्यांवरची पट्टी एका झटक्यात ओढून काढली. टोपीवाल्यांना वाटलं, त्यांनी एका जिवाला उजेड दाखवला. नारायणानं एक किंकाळी फोडली आणि तो सैरावैरा पळाला. टांग्याच्या चाकावर जाऊन आदळला, घोडा उधळता उधळता राहिला. मग तो फरशीवर कपाळ आपटू लागला. रक्त आलं. लोक "धरा, धरा" म्हणत पुढे झाले तसा जास्तच आपटू लागला. मामांनी तेलाचं भांडं टाकून दिलं, गर्दीत घुसले आणि त्या पोराच्या अंगावर सरळ पालथे पडले. दोन्ही हातांनी, त्या घाईत उजव्यानंही, त्याचं डोकं छातीखाली दाबून धरलं. सगळ्या बाजारासमोर, धुळीत. कोणी हसलं, कोणी म्हणालं बापच येडा आहे. हळूहळू त्या पोराचं अंग निवलं. मामा उठेनात. ते गृहस्थ केव्हा निघून गेले कळलं नाही. पट्टी तिथंच पडली होती. मला फार संताप आला होता, पण नव्या सुनेनं बाजारात बोलायचं नसतं. आत्याबाईंनी खाली वाकून ती पट्टी उचलली, झटकली आणि मामांच्या हातात दिली. त्यानंतर त्यांनी झापडांवरून कधी चकार शब्द काढला नाही.

तरी त्या दोघांचं एक भांडण झालंच. मारुतीला तेल घालताना मामा काही तरी पुटपुटायचे. एका शनिवारी आत्याबाईंच्या कानावर ते पडलं आणि त्या देवळातच कडाडल्या, "मेल्या, बाप हायेस का कोण? देवापुढं उभं राहून पोटच्या पोराचं मरण मागतोस?"

मामांनी तेलाची धार संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "मागतो, बाई. दर शनवारी मागतो. माझ्या एक दिवस आधी त्याला ने. एकच दिवस. त्याला आंघोळ घालतो, माती देतो, आणि मंग मला ने. ह्याच्यापरीस जास्ती म्या देवाला आजवर काही मागितलं न्हाई."

"लोकांची पोरं लोक सांभाळत न्हाईत काय?"

"कोण सांभाळंल? नाव सांगा."

आत्याबाई तशाच देवळाबाहेर पडल्या. घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. "मला एक नाव सांगता आलं न्हाई गं," एवढंच म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात होते. माझंही नाव मला सांगता आलं नसतं. तेव्हा माझ्या पोटात पहिलं मूल होतं आणि ते बरं निघावं म्हणून त्याच मारुतीला मी नवस बोलले होते.

दिवस पालटत गेले. स्टेशनच्या बाजूला एका शेठनं इंजिनावरची तेलाची गिरणी घातली. तिचं तेल स्वस्त, पातळ आणि मागाल तितकं. घाण्याचं गिऱ्हाईक तुटलं. शेठ भला माणूस होता, त्यानं मामांना गिरणीवर कामाला बोलावलं. मामा पोराला घेऊन एक दिवस गेलेही. इंजिन सुरू झालं तसा नारायण फाटकाबाहेर पळाला तो आपल्या पायांनी थेट घाण्यापाशी येऊन दोरी धरून उभा राहिला. पवळ्या गोठ्यात बांधलेला होता, पुढे बैल नव्हता. तरी हा दोरी धरून उभा. मामा धापा टाकत मागून आले. त्यानंतर त्यांनी गिरणीचं नाव काढलं नाही. कधी घाण्यात दाणे असायचे, कधी नुसती जुनी पेंडच. पण घाणा फिरत राहिला. तेलासाठी फिरत नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

नारायण वाढला. मिसरूड फुटली. आता अंगावर पडून त्याला दाबून धरणं मामांच्या ताकदीबाहेर गेलं. एकदा त्यानं झटक्यात बापाचा हात मुरगळला, मनात काही नसताना. मामा महिनाभर हात गळ्यात बांधून हिंडले आणि विचारणाऱ्याला पायरीवरून घसरलो म्हणून सांगत राहिले. मग त्यांना पोटात दुखू लागलं. माणूस सुकत चालला. डॉक्टरांनी पोट चाचपलं, गाठ आहे म्हणाले आणि पुढचं डोळ्यांनी सांगितलं.

मामांची धाकटी बहीण कोंडाबाई तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यात दिली होती. शेतीवाडीचं घर. ती बिचारी धावत आली, नारायणाला नेते म्हणाली. मनापासून म्हणाली. तिच्या मुलानं त्याला मोटारीत बसवायचा प्रयत्न केला, पण नारायण अड्ड्यावरच असा बिथरला की भाच्याच्या दंडावर दात उमटले. परत आणावं लागलं.

रात्रभर विचार करून मामांनी तोड काढली. सकाळी आत्याबाईंना येऊन म्हणाले, "पवळ्या देऊन टाकतो कोंडीला. भाचा पुढं बैल धरून चालंल. पुढं बैल, मागं नारायण. दोन मुक्काम लागतील, पण जाईल. बराबर जाईल."

ते बोलले तसंच झालं. तो निघायचा दिवस मी दारातून पाहिला. मामांनी नारायणाला आंघोळ घातली, डोक्याला तेल लावलं, गोल भाकरी दिली. मग पवळ्याची झापडं सोडून खुंटीला अडकवली. म्हातारा बैल उजेडात डोळे मिचकावत उभा राहिला, एवढा मोठा रस्ता त्यानं किती वर्षांत पाहिला नव्हता. मामांनी नारायणाच्या डोळ्यांवर ती जुनी पट्टी बांधली, घट्ट, आणि जुवाची दोरी बैलाच्या गळ्याला बांधून तिचं टोक त्याच्या हातात दिलं.

"त्याला वाटंल, घाण्याभोवतीच फिरून राह्यलो," ते भाच्याला म्हणाले. "तसंच वाटू दे. गाव येईस्तोवर पट्टी सोडू नको."

कोंडाबाई पदरात तोंड घालून रडत होती. बैल निघाला. दारातून बैल बाहेर पडला तसा नारायण आईच्या आवाजात म्हणाला, "भाकर खाऊन घे, मंग जा." कोणाला म्हणाला? बैलालाच म्हणाला असेल. मामांनी डावा हात वर केला आणि तसाच ठेवला. गल्लीच्या वळणावर पट्टी बांधलेलं ते तरणं पोर बैलामागे वळलं आणि दिसेनासं झालं.

"मागं बघितलं का हो त्यानं?" मामांनी मला विचारलं. त्यांना दिसलं नसावं, किंवा खात्री नसावी.

"पट्टी होती ना, मामा," मी म्हटलं.

"हां. पट्टी होती."

पुढचं इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्यावर यावं लागणार नाही. मामा त्याच वर्षी पौषात गेले. आत्याबाईंनी शेवटचे पंधरा दिवस त्यांना पेज नेऊन दिली, शकुन-अपशकुन न बघता, तिन्हीसांजेलाही. नारायण कोंडाबाईकडे राहिला, पवळ्याच्या मागे शेतात, पवळ्याच्या मागे पाण्यावर. बरा राहिला. पुढे पवळ्या म्हातारपणानं गेला. तो गेल्यावर नारायण गोठ्यात दोरी धरून उभा राहायचा. एका बाजाराच्या दिवशी तो तीर्थपुरीच्या बाजारातून कोणाच्या तरी बैलामागे चालत गेला. कोणाच्या, कोणत्या वाटेनं, कळलं नाही. कोंडाबाईच्या माणसांनी गावं धुंडाळली. ती आमच्याकडे येऊन जमिनीवर डोकं टेकून रडली, जणू मामा अजून समोर राहत होते आणि तिला जाब द्यायचा होता. नारायण सापडला नाही. म्हणून मी त्या शेजारणीला उत्तर दिलं नाही.

मला मामा शेवटचे हिंडते-फिरते दिसले ते नारायण बैलामागे कोंडाबाईकडे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. पहाटे घाण्याची कुरकुर झाली नाही आणि गल्ली उशिरा उठली. दुपारी मी बरणी घेऊन गेले. तेल नको होतं, माणूस कसा आहे ते बघायचं होतं. सवयीनं बांगड्या पदरात गुंडाळल्या आणि मग लक्षात आलं की आता त्याची गरज नाही.

पडवीत मामा घाण्याभोवतीच्या रिंगणात उभे होते. बैलाच्या पायांनी ते रिंगण खोल गेलं होतं आणि त्याच्यामागे नारायणाच्या पायांची दुसरी, बारीक वाट पडली होती. मामा त्या बारीक वाटेवर होते. डोळ्यांवर पवळ्याची झापडं बांधलेली.

"मामा, हे काय करून राह्यले?"

"कोण, सूनबाई? काही न्हाई. एवढी वर्षं त्याला फिरवलं, म्या कधी फिरून बघितलं न्हाई. म्हटलं बघावं, त्याला काय वाटत असंल."

"मग? काय वाटलं?"

ते दोन पावलं चालले, चाचपडले आणि थांबले. "पाय उचलत न्हाई. पुढं कोणी तरी लागतं, सूनबाई. पुढं बैल न्हाई तं उभं राह्याचं का चालायचं, काहीच कळत न्हाई." पायाच्या अंगठ्यानं त्यांनी वाटेची कड शोधली. "म्या त्याला मागं चालायचं शिकवलं. थांबायचं शिकवलंच न्हाई. आणि पवळ्या म्हातारा झालाय."

त्यांना धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "त्यात काय, मामा? पवळ्यामागं दुसरा बैल येईल. एवढी शेतीवाडी आहे त्यांची. बैलांना काय तोटा?"

मामांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. झापडांमुळे डोळे दिसत नव्हते, ते बरंच झालं.

"तेच म्हणून राह्यलो," ते म्हणाले. "बैलांना काही तोटा न्हाई."

मग त्यांनी झापडं सारखी केली, घाण्याच्या आडव्या लाकडावर डावा हात ठेवला आणि पुन्हा पाऊल उचलून पाहिलं.